खाडीपलीकडे ऐकू जायची शेवंता

फोन शाळेच्या ऑफिसात आला. मी पाचवीच्या वर्गाकडून समूहगीत बसवून घेत होते. शिपाईमामा दारात येऊन म्हणाले की रोह्याहून नाना कडूंचा फोन आहे, ते थांबलेत. नाना आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक. त्यांनी शाळेत कधी फोन केला नव्हता. मी पेटीचा भाता मिटला आणि गेले. नाना म्हणाले, "शेवू गेली." मी विचारलं, "कुठे, कोलाडला?" माघातली लग्नसराई जोरात होती आणि शेवंता सदा कुठे ना कुठे गेलेलीच असायची. मग कुणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला, बहुतेक आमच्या ढोलकीवाल्यानं. त्यानं सांगितलं की खांब गावाच्या अलीकडे समोरून आलेल्या ट्रकनं तिच्या मोटारसायकलला उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. मी रिसीव्हर ठेवला, वर्गात परत गेले आणि त्या गीताचं उरलेलं कडवं मुलांकडून म्हणवून घेतलं. आज हे लिहिताना माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही, पण तसंच झालं. घंटा झाली, मुलं पळाली आणि मी रिकाम्या वर्गात पेटीपाशी बसून राहिले. आदल्या रविवारी आम्ही दोघी पेणजवळच्या एका गावात हळदीला गायलो होतो. निघताना ती म्हणाली होती, "मास्तरीण, तुझा वरचा सूर आज जरा दमला होता. लेकरांची शाळा कमी कर." मला ती मास्तरीणच म्हणायची. त्या आवाजाची माणसं इतक्या चटकन नाहीशी होतात हे कसं मानायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

पेण-रोह्याकडच्या वाचकांना शेवंता म्हात्रे कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर तिच्या फोटोखाली लिहिलेलं असायचं, 'पुरुषी आवाजाची जादू, कु. शेवंता'. पुरुष गायक बायकांच्या आवाजात गातो, हे लोकांनी पुष्कळ पाहिलं होतं. त्याला हशा मिळतो, शिट्ट्या मिळतात. बाईनं पुरुषाच्या आवाजात गायचं आणि कुणी हसायचं नाही, हे आमच्याकडे शेवंतानं आणलं. मी तिच्या समोर उभी राहून द्वंद्वगीतांतली बायकी बाजू गात असे. जवळजवळ दहा वर्षं मी तिची नायिका होते. आमचे हे घरी चेष्टेनं विचारायचे, नवरा नक्की कोण, मी की ती? आणि दर कार्यक्रमाला पुढच्या रांगेत येऊन बसायचे.

ती आमच्यात आली ते तिच्या भावामुळे. ऑर्केस्ट्रा नवा होता आणि तालमी पेणला नानांच्या मेहुण्याच्या गणपतीच्या कारखान्यात चालत. अवतीभोवती न रंगवलेल्या पांढऱ्या मूर्ती, मधल्या मोकळ्या जागेत आम्ही. पुरुष गायक हवा होता म्हणून नाना मुलांना ऐकत होते. धरमतरच्या खाडीकडच्या एका गावातून हरी नावाचा मुलगा आला. सोबत त्याची बहीण, अंगावर साधं पातळ, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. त्यांचं घर मिठागरावर राबणारं. हरीला गाण्याचं फार वेड होतं, पण त्या दिवशी तो घाबरला आणि अंतऱ्यात सूर सोडून भलतीकडेच गेला. नाना थांबा म्हणणार, तेवढ्यात मागून कुणीतरी ती ओळ उचलली. भरदार, खालच्या पट्टीतला, जरासा खरखरीत आवाज. आम्ही सगळे दाराकडे पाहायला लागलो, कुणी पुरुष आत आला म्हणून. दारात कुणी नव्हतं. बहिणीनं दातातला पदर सोडला होता आणि ती गात होती. हरीनं तिच्याकडे पाहिलं ते पाहणं मी विसरले नाही. नानांनी दोघांनाही घेतलं. हरी काही महिने कोरसला उभा राहिला आणि मग यायचा बंद झाला.

पहिल्या कार्यक्रमांना ती साडीतच गायची. लोक ऐकत, पण चुळबुळत. डोळ्यांना एक दिसतंय, कानांना दुसरंच ऐकू येतंय, अशी त्यांची पंचाईत. शेवंतालाही साडीत मोकळा श्वास घेता येत नसे. नानांनी तिला सांगितलं, सरळ शर्ट-पँट शिवून घे. तर रोह्यातले शिंपी तिचं माप घ्यायला तयार होईनात. एकानं हसून घरी पाठवलं. मग कुणीतरी एस्तेरचं नाव सुचवलं. एस्तेर रोहेकर रोह्याला बायकांसाठी शिवणाचा क्लास चालवायची. कोकणातल्या जुन्या ज्यू, म्हणजे इस्रायली कुटुंबातली, आजोबांचा तेलाचा घाणा होता, मराठी आपल्यापेक्षा शुद्ध. पुरुषांचा शर्ट तिनं आयुष्यात शिवला नव्हता. तिनं शेवंताला आरशापुढे उभं केलं, खांद्याचं माप घेतलं आणि म्हणाली, "पुरुषांचा नाही जमणार मला. तुमचा शिवते." हे शेवंता मला पुढे कितीदा तरी सांगायची, आणि सांगताना दर वेळी 'तुमचा' या शब्दापाशी थोडी थांबायची.

घरी लग्नाचा तगादा वाढला तेव्हा शेवंता खाडीवरचं गाव सोडून रोह्याला आली आणि एस्तेरच्या घरी, क्लासच्या मागच्या खोलीत राहायला लागली. त्याच सुमाराला एस्तेरचे आईवडील आणि भाऊ इस्रायलला गेले. त्यांच्यातली बहुतेक घरं आधीच गेली होती. एस्तेरनंही निघावं असं सगळ्यांनी धरलं होतं. ती म्हणाली, माझ्या क्लासच्या मुलींची परीक्षा आहे, ती होऊ दे. परीक्षा झाली. पुढच्या वर्षी नव्या मुली, नवी परीक्षा. भाऊ फोन करकरून थकला. रोह्यात लोक म्हणत, काय कामसू बाई आहे बघा.

मला ते कळायला वेळ लागला, आणि कळलं तेही गाता गाता. द्वंद्वगीतात समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, नाहीतर गाणं लागत नाही. शेवंता माझ्याकडे बघून सुरुवात करायची, पण मुखडा दुसऱ्यांदा आला की तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची. एकदा कोलाडच्या कार्यक्रमात मी सहज वळून पाहिलं. मागे, विंगेत, एस्तेर उभी होती. तोंडात टाचण्या, हातात पुढच्या गाण्याचं जाकीट. शेवंता शेकडो माणसांसमोर, माईकवरून, पुरुषानं बाईला म्हणायची सगळी गाणी तिला म्हणत होती. माणसं टाळ्या वाजवत होती, वन्समोअर मागत होती. मग मी पुढचं कडवं गायले, कारण माझी पाळी आली होती. घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "म्हणूनच ती इतकी खरी गाते होय." आमच्या घरात या विषयावर एवढंच बोलणं झालं, आणि ते पुरलं.

तो काळच तसा गाण्यांचा होता. घरोघरी टेपरेकॉर्डर आले होते. पेणला केबल आलं तेव्हा पडद्यावर आखूड केसांच्या, पँट घातलेल्या मुली नाचताना दिसायला लागल्या आणि कानात डूल घातलेली मुलं. म्हातारी माणसं नाकं मुरडत, पण टीव्ही बंद करत नसत. अशा वेळी नानांनी हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढली. त्यातला नवरदेव शेवंता. खाडीच्या अलीकडून तो नवरीला हाक मारतो आणि पलीकडे जातो, असं सगळं गाणं. ती कॅसेट इतकी चालली की पेणपासून कोलाडपर्यंत एकही हळद तिच्यावाचून व्हायची नाही. हळद लागलेले खरेखुरे नवरदेव एका बाईच्या आवाजावर नाचायचे, त्यांचे बाप नाचायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रोह्याच्या कॉलेजात गॅदरिंगला मुलींनी शर्ट-पँट घालून त्या गाण्यावर नाच बसवला. पुढच्या वर्षी मुलांनी साड्या नेसून बसवला. पेणच्या ब्यूटीपार्लरमध्ये मुली शेवंताचा फोटो घेऊन जायच्या आणि असे केस काप म्हणायच्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं तसे केस कापले, तर तिची आई शाळेत येऊन मला म्हणाली, "बाई, आता शेवंतासारखं गायलाही शिकवा म्हणजे झालं."

विरोध झाला नाही असं नाही. पेणच्या एका मंडळाच्या अध्यक्षांनी कार्यक्रमाच्या आधी नानांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की समोर कुटुंबं बसलीत, बाईमाणसानं साडीतच गावं. नाना मऊ माणूस, ते तयार झाले. शेवंता वाद घालत नसे. ती म्हणाली, ठीक आहे, मी दिसतच नाही. आणि खरोखरच पडद्यामागे उभी राहून गायला लागली. मी स्टेजवर एकटी, समोर कुणी नाही, आणि आवाज मागून येतोय... एक कडवं झालं नसेल, तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरच्या बायका बोलू लागल्या. "शेवंता कुठंय? तिला भाईर आना." मग मागचे पुरुष. गलका एवढा वाढला की अध्यक्षच विंगेत आले आणि हात जोडून म्हणाले, या बाई तुम्ही, जशा आहात तशा या. ती आली. पांढरा शर्ट, काळी पँट, आखूड केस पाण्यानं बसवलेले. त्या दिवशी सतरंजीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या तशा मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

लोकांनी तिच्यासाठी एक शब्द शोधला होता, 'कलाकार'. ती लग्न का करत नाही? कलाकार आहे. मोटारसायकल चालवते? कलाकार आहे. त्या इस्रायलीण बाईकडे राहते? कलाकार माणूस, त्यांचं वेगळं असतं. त्या एका शब्दाखाली सगळं झाकलं जायचं आणि लोकांना बरं वाटायचं. मध्यंतरी वर्तमानपत्रांतून दोन बायकांच्या, दोन पुरुषांच्या नात्यांवर बरंच लिहून येत होतं, भांडणं चालली होती. एस्तेर ते वाचायची आणि घडी घालून ठेवायची. शेवंता म्हणाली, आपलं गाणंच बरं, त्यात कोण भांडत नाय. पण ती भोळी नव्हती. एकदा कार्यक्रम संपल्यावर एक बाई स्टेजमागे आली. तिशीची असेल, गळ्यात मंगळसूत्र, नवरा बाहेर रिक्षा बघायला गेलेला. तिनं शेवंताचा हात धरला आणि नुसती उभी राहिली. मी जवळच केसांतला गजरा सोडत होते. मग ती म्हणाली, "तुमी गाता तवा मला वाटतं, मी येकलीच नाय." शेवंतानं दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. बाहेरून हाक आली, बाई गेली. शेवंता मला म्हणाली, "मास्तरीण, हिच्यासाठी तरी घसा सांभाळला पाहिजे."

आणि मग तो फोन.

मी आणि हे पोचलो तेव्हा एस्तेर रोह्याच्या दवाखान्यात व्हरांड्यात उभी होती. बातमी आली तेव्हा ती मशीनवर होती, पुढच्या कार्यक्रमाचा शर्ट शिवत. तो शर्ट तसाच तिच्या हातात होता, नवा, फिकट निळा, कॉलरपाशी सुई अजून लटकत होती. मी सुई काढून घेतली तरी तिच्या लक्षात आलं नाही. एक हवालदार पंचनामा करत होता. त्यानं साध्या सुरात विचारलं, "बाई, तुम्ही मयताच्या कोण?" एस्तेरनं हातातल्या शर्टाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी त्यांचे कपडे शिवते." हवालदारानं मान डोलावली आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. इतकी वर्षं सगळ्या मुलखानं टाळ्या वाजवल्या, आणि साधा प्रश्न आला तेव्हा या बाईला सांगायला एवढंच होतं...

हरी आला तो टेम्पो घेऊन. तो आता एका कंपनीत शिफ्टला जायचा, केस पिकायला लागले होते. सही करून त्यानं बहिणीला ताब्यात घेतलं आणि गावी नेलं. टेम्पोत एस्तेरला बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आम्ही तिला आमच्या गाडीत घेतलं आणि बऱ्याच वेळानं मागून निघालो. नागोठणं गेलं, वडखळ गेलं. एस्तेर शर्टाच्या घड्या घालत होती आणि मोडत होती. धरमतरकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना मिठाचे पांढरे ढीग लागले. ती पहिल्यांदाच बोलली. "इथली आहे ती. मला कधी आणलं नाही." मी विचारलं, का? "आणली असती तर काय म्हणून ओळख करून दिली असती तिनं."

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हतं. सगळा ऑर्केस्ट्रा आला होता. आजूबाजूच्या गावांतून बायका आल्या होत्या, ज्यांच्या पोरांच्या हळदीला ती गायली त्या सगळ्या. मी वाट काढत पुढे गेले. मला ती ओळखू आली नाही. हिरवी साडी, हातभर हिरवा चुडा, कपाळाला मळवट, आखूड केस दिसू नयेत म्हणून पदर कपाळापर्यंत ओढलेला. क्षणभर मला खरंच वाटलं की चुकीच्या घरी आलो, ही कुणी दुसरी बाई आहे, शेवंता कुठेतरी जिवंत आहे. माझ्या मागच्या बायकांतही कुजबुज चालली होती. एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "ही कोन गो? शेवंता कुठं हाय?" हरी डोक्याशी उभा होता, तोंड दगडासारखं. एस्तेर अंगणाच्या कडेला, शेवग्याच्या झाडाखाली थांबली होती. तिला पुढे ये म्हणायचा मला धीर होईना, कारण पुढे येऊन ती कुठे उभी राहणार हेच मला कळत नव्हतं. घरच्या बायकांत ती नव्हती, गावच्या नव्हती, ऑर्केस्ट्रातलीही नव्हती.

शेवंताची आई उशाशी बसून होती. वाळलेली, लहानशी बाई, पायांच्या टाचा मिठानं फुटलेल्या. तिनं मुलीचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती रडत नव्हती. नुसती त्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं मान वर केली आणि विचारलं, "रोह्याची बाय आली हाय का?" ती पुन्हा म्हणाली, "शिवते ती बाय. आली असंल तर म्होरं आना." गर्दीनं वाट दिली. एस्तेर पुढे आली. म्हातारीची नजर तिच्या हाताकडे गेली.

"त्यो तिचा हाय?"

एस्तेरनं मान डोलावली.

म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. "हरी, पुरुषांना भाईर ने. ही साडी काढायची हाय."

हरी म्हणाला की आई, आता नको, लोकं बघतात, काय म्हणतील. तो हळूच म्हणाला, भांडणाच्या सुरात नाही. मला वाटतं, त्याला खरंच समजत नव्हतं, बहिणीला आता तरी सगळ्यांसारखं पाठवावं असंच त्याच्या मनात होतं.

म्हातारी म्हणाली, "लोकं शेवंताला बघाया आलीत. त्यास्नी ती दिसंना झाली. दिसू दे."

पुरुष बाहेर गेले. गावच्या बायकांनी चादरी धरून आडोसा केला. कुणाला सांगावं लागलं नाही, त्या सतरंजीवर बसणाऱ्याच बायका होत्या. म्हातारीनं स्वतः चुडा उतरवला. मग एस्तेरला म्हणाली, "तू घाल. तुला ठावं हाय कसा बसतो ता." एस्तेर खाली बसली. तिनं एकेक बटण लावलं. कॉलर सरळ केली. केसांवरून पाण्याचा हात फिरवला. त्या आडोशाच्या आत मी होते, म्हातारी होती, चार-दोन बायका होत्या. चादरी खाली झाल्या तेव्हा अंगणात पहिल्यांदा रडण्याचा आवाज आला. तोवर सगळे थिजल्यासारखे उभे होते. आता ती त्यांना दिसली आणि गेली हे त्यांना कळलं. हरीनं तिच्याकडे पाहिलं, खाली बसला, आणि दोन्ही हातांनी तिच्या शर्टाची बाही धरून लहान पोरासारखा रडला.

तिला नेल्यानंतर मी म्हातारीपाशी बसले. तुम्हाला कसं माहीत होतं, एवढंच मी विचारलं. तिनं खाडीच्या दिशेला हात केला. सांगत गेली ते असं की पलीकडच्या गावांत हळद असली, गणपती असले की भोंगा लागायचा. पाण्यावरून आवाज लांबवर येतो. मिठागरात काम करता करता तिला मुलीचा आवाज यायचा. आधी तिला वाटलं पुरुष गातोय. मग एक दिवस ओळखलं. तेव्हापासून ती काम संपलं की बांधावर बसून राहायची. घरात कुणाला कळू द्यायची नाही. "नवऱ्याचा आवाज काढून कुनाला तरी हाक मारते, ता मला कलायचं," ती म्हणाली. "खोटी हाक येवढी वरसं मारवत नाय. म्हनलं, हाय कुनीतरी. रोह्याला शिवनाऱ्या बायकडं ऱ्हाते, ता ठावं व्हतं. शर्ट बघितला, तवा कललं कोन ता."

आम्ही तिघं संध्याकाळी पेणला यायला निघालो. वडखळच्या जरा पुढे रस्त्याला लागून मांडव होता, दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, हळद चालू होती. आणि भोंग्यावर शेवंता गात होती. मी यांना म्हटलं, काच वर करा, लवकर चला. एस्तेर म्हणाली, "थांबवा." गाडी बाजूला घेतली. मांडवात पोरं नाचत होती, पिवळ्या अंगाचा नवरदेव कुणाच्या तरी खांद्यावर बसला होता. त्यांना काही माहीत नव्हतं. कुणी सांगितलं असतं तरी त्या घडीला त्यांचा विश्वास बसला नसता, कारण ती तर तिथेच होती, त्यांच्या कानात, पूर्ण जोमात. मी पुढच्या सीटवर कडवं ऐकत होते, पुढे माझा आवाज येणार हे मला माहीत होतं, तो आला, आणि माझाच आवाज मला ऐकवेना. एस्तेर गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "आता चला."

त्याला आता काही आठवडे झाले. ऑर्केस्ट्राचं पुढे काय, ते नानांना ठाऊक नाही, मलाही नाही. मी अजून द्वंद्वगीत गाऊ शकलेले नाही. कुणी म्हणतात की शेवंतानं फार मोठं काम केलं, लोकांची नजर बदलली. मला ते एका दिवशी खरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा व्हरांडा आठवतो. लोकांनी तिला गाण्यात मनापासून घेतलं, यात खोटं नाही. गाण्याबाहेर घ्यायला शिकले का, ते मला सांगता येत नाही. त्या अंगणात मात्र काही बायकांनी चादरी धरल्या होत्या, एवढं मी पाहिलं आहे.

गेल्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी एसटीनं रोह्याला गेले. एस्तेरच्या भावाचे फोन पुन्हा सुरू झालेत, आता तिथे कशाला थांबतेस म्हणून. ती खरंच जाईल अशी माझी समजूत होती आणि निरोपाचं काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते. क्लास सुटला होता. मागच्या खोलीत गेले तर कॉटवर पाय वर घेऊन शेवंताची आई बसली होती, सुपातले तांदूळ निवडत. हरीनं आणून सोडलं, म्हणाली. कधी परत जाणार ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. दिवेलागणीची वेळ झाली तशी एस्तेर उठली आणि कोनाड्यातला काचेचा दिवा काढून पुसायला लागली. शुक्रवारी तिन्हीसांजेला त्यांच्यात शब्बाथचा, शनिवारच्या विसाव्याचा दिवा लावतात. म्हातारी बघत होती. तिनं विचारलं, "तेल कोन घालतं?"

एस्तेर वात वळत होती. ती थांबली. म्हणाली, "शेवंता. प्रोग्राम नसला की तीच घालायची. मी वात लावायची."

म्हातारी कॉटवरून उतरली, हात पदराला पुसले आणि फळीवरची तेलाची बाटली घेतली. डोळ्यांना नीट दिसत नसावं, तेल काठावरून थोडं बाहेर आलं. एस्तेरनं ते पुसलं नाही. वात पेटली, तिनं डोक्यावर पदर घेतला, आणि शेजारी उभ्या म्हातारीनं तिच्याकडे बघून आपलाही घेतला.